पुढच्या चाकांचा माणूस

संपादकांना आधीच सांगून ठेवते, मी कॉन्व्हेंटवाली आहे. शाळेत मराठी आठवड्यातून चार तास, आणि त्यातले दोन तास ऱ्हस्व-दीर्घावर ओरडा खाण्यात जायचे. त्यामुळे वेलांट्या तुम्ही सुधारून घ्या. मजकूर मात्र माझा आहे आणि त्यातली चूकही माझीच आहे. चूक कुठली ते पुढे येईलच.

माझा मामा भोर तालुक्यात राहतो. त्याच्याकडे एक पिकअप आहे. रोज पहाटे तो वरच्या वाड्यांवर जातो, दुधाचे कॅन भरतो आणि खाली शीतकेंद्रावर आणून घालतो. वरच्या वाडीचा शेवटचा दोनेक किलोमीटर रस्ता कच्चा आहे. उन्हाळ्यात ठीक, पण जुलै लागला की तो रस्ता राहत नाही, त्याचं शेत होतं. गंमत अशी की भरलेली गाडी खाली उतरायला त्रास देत नाही, रिकामी गाडी वर चढतच नाही. रिकाम्या पिकअपचं वजन सगळं पुढे, इंजिनवर. फिरतात ती मागची चाकं, आणि त्यांच्यावर दाबायला काही नाही. मग ती जागच्या जागी गरगर फिरतात आणि स्वतःसाठी खड्डा खणतात.

मागच्या पावसाळ्यात मी तिथे असतानाच गाडी अशी रुतली. दगड घातले, गोणपाट घातलं, तरी काही उपयोग नाही. ट्रॅक्टर मिळेपर्यंत अकरा वाजले. वरच्या वाडीचं दूध तोवर नासलं होतं. मामाने त्या लोकांना पैसे स्वतःच्या खिशातून दिले आणि घरी येऊन एक शब्द बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून मी बोलले. थर्ड इयर मेकॅनिकलची मुलगी मी! मी जाहीर केलं की आपण ही गाडी फोर व्हील करू. जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल मिळतो, ट्रान्सफर केस मिळते, शाफ्ट मी डिझाइन करते, माझं मिनी प्रोजेक्टही होईल आणि तुझं कामही होईल. मामाने माझ्याकडे ज्या विश्वासाने पाहिलं तो आठवला की अजून कसंतरी होतं. आठ दिवसांत त्याने भंगारवाल्याला आठ हजार रुपये देऊन ॲक्सल घरी आणूनसुद्धा टाकला.

कॉलेज सुरू झाल्यावर मी लायब्ररीत ट्रान्सफर केसवर काही मिळतं का ते शोधत बसले. तिथे एक जोडनाव पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं, मार्मन-हेरिंग्टन. आधी मला वाटलं एकाच माणसाचं नाव असेल. ते दोघे होते. त्यातल्या हेरिंग्टनच्या मी इतकी मागे लागले की शेवटी माझ्या रूममेटने विचारलं, हा कोण नवीन.

शिस्तीत लिहायचं तर कर्नल हेरिंग्टन, आणि ते म्हणायला हवं. पण दोन महिने ज्याच्याबरोबर काढले त्याला अहो-जाहो करणं मला जमणार नाही. मी त्याला तोच म्हणते.

आर्थर विल्यम सिडनी हेरिंग्टन. जन्म १८९१ चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला. लहान असतानाच घरच्यांबरोबर अमेरिकेत आला आणि कायमचा अमेरिकन झाला. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याच्या मोटार वाहतुकीत होता, फ्रान्समध्ये. फ्रान्समधल्या त्या आघाडीचे फोटो तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात पाहिले असतील. चिखल, चिखल आणि चिखल. आमच्या वरच्या वाडीचा रस्ता त्यापुढे एक्सप्रेसवे म्हणायचा.

त्या युद्धात अमेरिकेने लिबर्टी नावाचा ट्रक मुद्दाम सैन्यासाठी बनवला होता. पण त्याला ताकद फक्त मागच्या चाकांना. चारही चाकं ओढणारे ट्रकसुद्धा तेव्हा होते, हे मला माहीत नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावात ऑटो झाखॉव्ह आणि विल्यम बेसरडिक या दोघा कारागिरांनी १९०८ च्या सुमारास पुढची चाकं वळतीही ठेवायची आणि फिरवायचीही, हा प्रश्न सोडवला होता. त्यांच्या एफडब्ल्यूडी कंपनीचे आणि जेफ्री क्वाड नावाचे ट्रक हजारोंनी युद्धावर गेले. म्हणजे फोर व्हील ड्राइव्हचा शोध हेरिंग्टनने लावलेला नाही. हे आधीच सांगते, नाहीतर आपल्याकडे लेख वाचून लगेच कोणीतरी वर्गात त्याला जनक करून टाकतं.

मग त्याने केलं काय? ते कळायला आधी पुढच्या ॲक्सलची भानगड कळायला हवी. सिव्हिलवाल्यांनी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी हा एक परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नका.

मागचं चाक नुसतं फिरतं. पुढचं चाक फिरतंही आणि वळतंही. ताकद आणणारा शाफ्ट सरळ येतो आणि चाक वळलं की त्या शाफ्टला चाकापाशी कोपर लागतो. साधा कोपर म्हणजे आपण सेकंड इयरला शिकलो तो हूकचा जॉइंट. त्याची खोड अशी की शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरवला तरी बाहेर वेग एकसारखा निघत नाही. ३० अंशांचा कोन असेल आणि आत १०० फेरे असतील तर बाहेरचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा ८६.६ पर्यंत उतरतो आणि दोनदा ११५.५ पर्यंत चढतो. कागदावर हे कोसाइनचं गणित आहे आणि मला त्यात पाचपैकी पाच मिळाले होते. पण चालवणाऱ्याच्या हातात ते गणित नसतं, स्टिअरिंग असतं, आणि वळणावर ते स्टिअरिंग हिसके देतं. यावर उपाय म्हणजे वेग कायम ठेवणारा जॉइंट. गोळ्या आणि खाचा असलेला असा जॉइंट आल्फ्रेड झेप्पा या फोर्डमधल्या इंजिनिअरने १९२६ मध्ये काढला. आज पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक सगळ्या गाड्यांत तो किंवा त्याचा भाऊबंद बसलेला असतो.

दुसरी भानगड ट्रान्सफर केसची. गिअरबॉक्समधून येणारी ताकद तिथे दोन वाटांनी जाते, एक मागे आणि एक पुढे. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, म्हणजे जास्त अंतर जातात. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि हिशोब आपोआप जुळतो. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळी ओढाताण शाफ्ट आणि गिअरवर येते. म्हणून पुढची वाट हवी तेव्हा जोडता यायला हवी आणि नको तेव्हा सोडता यायला हवी.

युद्धानंतर, १९२० च्या दशकात, हेरिंग्टन इंजिनिअर म्हणून अमेरिकन सैन्याच्या पुरवठा खात्याबरोबर याच कामात राहिला. सैन्याकडे पैसे नव्हते, युद्ध संपल्यावर कोण देणार? जुने ट्रक होते, तेच उघडायचे, त्यांना पुढून ताकद द्यायची, पळवून बघायचे. म्हणजे त्याचं शिक्षणच जुनी गाडी बदलण्यात झालं. मला वाटतं त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा काळ हा असणार. पण त्यावर फार कोणी लिहीत नाही, कारण त्यात कंपनी नाही की नाव नाही.

दुसरा, मार्मन. इंडियानापोलिसचं मार्मन घराणं मूळचं पिठाच्या गिरण्यांची यंत्रं करणारं. (हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांनाही सांगितलं, त्यांना काही वाटलं नाही.) पुढे ते मोटारींत शिरले. १९११ मध्ये इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत जिंकली ती मार्मन वास्प गाडीने, रे हॅरून चालवत होता. पुढे त्यांनी सोळा सिलिंडरची एक राजेशाही गाडी काढली, आणि काढली कधी, तर जागतिक मंदीच्या ऐन तोंडावर. मंदीत सोळा सिलिंडर कोण घेणार? १९३३ मध्ये मोटार कंपनी बुडाली.

पण त्याआधीच, मार्च १९३१ मध्ये, घराण्यातल्या वॉल्टर मार्मनने हेरिंग्टनशी हातमिळवणी करून वेगळी कंपनी काढली होती. मार्मनकडे कारखाना आणि यंत्रं होती, हेरिंग्टनकडे चार चाकांचं डोकं आणि सैन्यातल्या ओळखी. पहिली ऑर्डर आली ती सैन्याच्या हवाई दलाकडून, विमानांना पेट्रोल भरणाऱ्या ट्रक्सची, फक्त ३३. मंदीच्या वर्षात ३३ ट्रकसुद्धा सोन्यासारखे.

नंतरचे त्यांचे ट्रक वाळवंटात गेले. इराकमधल्या किरकुकहून भूमध्य समुद्रापर्यंत तेलाची पाइपलाइन टाकत होते, तिचे पाइप ओढायला मार्मन-हेरिंग्टनचे प्रचंड ट्रक होते. दमास्कस ते बगदाद प्रवासी नेणाऱ्या नेर्न बंधूंच्या कंपनीनेही यांचा ट्रक घेतला, डब्यासारखी लांब बस ओढायला. तिथे रस्ता असा नव्हताच.

हे सगळं भव्य होतं, पण धंदा म्हणून गोची होती. असे ट्रक पहिल्या बोल्टपासून स्वतः बनवायचे, वर्षाला मोजके विकायचे, म्हणजे किंमत आभाळाला. आणि बिघडला तर सुटा भाग इंडियानापोलिसहून येईपर्यंत बसा.

१९३५ मध्ये त्यांनी जे केलं त्याच्यामुळे मी हा लेख लिहितेय. त्यांनी अख्खा ट्रक बनवायचा हट्ट सोडला. फोर्डचा ट्रक घ्यायचा, व्ही-एट इंजिनवाला, लाखोंनी बनणारा, अमेरिकेतल्या कुठल्याही खेड्यात ज्याचे पार्ट मिळतात असा. तो आपल्या कारखान्यात आणायचा, पुढचा मुका ॲक्सल काढायचा, तिथे ताकद घेणारा ॲक्सल बसवायचा, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस टांगायची, शाफ्ट जोडायचे, आणि पुन्हा फोर्डच्याच डीलरकडून विकायचा. आधी दीड टनी ट्रक, मग अर्ध्या टनाची पिकअप, मग साध्या मोटारीसुद्धा. इंजिन, केबिन, बॉनेट, सीट सगळं फोर्डचं. बदललेलं सगळं गाडीच्या पोटाखाली.

किती साधी कल्पना वाटते ना? मलाही वाटली. मी मामाला सांगितलेली कल्पना हीच तर होती! त्या रात्री मी खूश होऊन झोपले. १९३५ साली हेरिंग्टनने केलं, मग मी का नाही?

दिवाळीत गेले ती टेप, खडू आणि वही घेऊनच. आधी ॲक्सल मोजायचं ठरवलं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो एकच असायला हवा, नाहीतर पुढची चाकं एका वेगाने ओढणार, मागची दुसऱ्या वेगाने ढकलणार आणि मधल्यामधे ट्रान्सफर केस मरणार. ॲक्सल विटांवर ठेवला, एका बाजूचा ड्रम मामाने धरून ठेवला, दुसरा मी एक पूर्ण फेरा फिरवला आणि शाफ्टच्या तोंडाचे फेरे मोजले. पावणेतीनला किंचित कमी. मी वहीत २.७ लिहिलं. एवढ्यात तिथे गावातला गॅरेजवाला आला होता, तो हसायलाच लागला. एक चाक धरून दुसरं फिरवलं की डिफरन्शियल निम्मंच फिरतं, तेव्हा आकडा दुप्पट कर ताई, असं त्याने समजावलं. दुप्पट केला तर ५.४, जुन्या जीपला शोभेल असा. डिफरन्शियलवर मी जर्नलमध्ये अकरा पानं लिहिली आहेत. शिक्षकांनो, माफ करा.

मग पिकअपचा मागचा ॲक्सल तसाच मोजला. ४ च्या आसपास. म्हणजे जुळत नव्हता.

मग गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. वर जिथे ॲक्सल यायला हवा तिथे इंजिनचा सम्प. त्याच्या मागे क्रॉस मेंबर. पुढची चाकं वेगवेगळी टांगलेली, टॉर्शन बारवर, म्हणजे जीपचा सरळसोट ॲक्सल बसवायचा तर पुढचं सगळं सस्पेन्शन कापायचं, पाट्यांच्या स्प्रिंगसाठी चॅसीला नवे कान वेल्ड करायचे, गाडी वर उचलायची, मग स्टिअरिंगचे रॉड जुळणार नाहीत, मग ब्रेकचे पाइप पुरणार नाहीत. एक वस्तू हलवली की चार हलतात. गाडीखाली आडवी पडून मी ते बघत होते आणि बाहेर मामाच्या चपला दिसत होत्या, इकडून तिकडे फेऱ्या मारणाऱ्या.

तेव्हा मला हेरिंग्टन कळला. फोर्डचा ट्रक घेऊन त्यात ॲक्सल घातला हे वाक्य लिहायला एक ओळ लागते. पण तो त्या एकाच गाडीसाठी ॲक्सल बनवत होता. त्याच रुंदीचा, त्याच रेशोचा, सम्प चुकवून, स्प्रिंग सांभाळून, आणि फोर्डने मॉडेल बदललं की त्यांनाही पुन्हा बसावं लागत होतं. कन्व्हर्जन म्हणजे आयता पार्ट चिकटवणं नव्हे, हे दहा वर्षं सैन्याचे जुने ट्रक उघडून तो शिकला होता. मी सहा महिन्यांच्या थिअरी ऑफ मशीन्सवर निघाले होते.

असो. त्याची गोष्ट पुढे नेते.

या फोर्ड पिकअपमुळे हेरिंग्टनला जीपचा जनक म्हणण्याची पद्धत पडली. माझं मत वेगळं आहे. अमेरिकन सैन्याने १९४० मध्ये छोट्या टेहळणी गाडीची मागणी काढली. तिला पहिली खरी गाडी दिली ती बँटम कंपनीने, आराखडा कार्ल प्रॉब्स्टचा, सप्टेंबर १९४०. मग विलीज आणि फोर्डने ती हजारोंनी बनवली. हेरिंग्टनच्या पिकअपने एवढं दाखवलं होतं की हलकी, स्वस्त, कारखान्यात ढिगाने बनणारी गाडीसुद्धा चार चाकांवर चालू शकते. आजोबा म्हणा हवं तर. बापाचा मान प्रॉब्स्टला द्या.

त्याचं नाव युद्धात गाजलं ते वेगळ्याच गाडीने, आणि ती गाडी त्याने बनवलीही नव्हती. दक्षिण आफ्रिकेला चिलखती गाड्या हव्या होत्या आणि तिथे मोटारी बनवणारा उद्योग नव्हता. त्यांनी कॅनडाहून फोर्डच्या ट्रकची चॅसी मागवली, पोलादी पत्रा आपल्याकडचा लावला. पहिल्या नमुन्याच्या ११३ गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. वाळूत त्या चाकांचं काय होतं ते मामाला विचारा. दुसऱ्या नमुन्यापासून इंडियानापोलिसहून ॲक्सल आणि ट्रान्सफर केसचे संच यायला लागले आणि तीच गाडी चारही चाकांवर धावायला लागली. एकूण साडेपाच हजारांवर बनल्या. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश आणि आफ्रिकी पलटणींनी त्या वापरल्या. इंजिन फोर्डचं, पोलाद आफ्रिकेचं, पण सगळे तिला मार्मन-हेरिंग्टन म्हणत. पोटाखालचा माणूस असा वर आला.

सगळंच चांगलं केलं असं मात्र नाही. कंपनीने रणगाडेही बनवले. डच ईस्ट इंडीजसाठी बनवलेले छोटे रणगाडे कोणाला फारसे आवडले नाहीत. विमानातून उतरवायचा लोकस्ट नावाचा हलका रणगाडा ८३० च्या संख्येने बनला, पण तयार होईपर्यंत उशीर झाला होता. अमेरिकनांनी तो लढाईत नेलाच नाही. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन ओलांडताना ब्रिटिशांनी आठ लोकस्ट ग्लायडरमधून नेले, एवढीच त्याची लढाई. ट्रकचं कळतं म्हणून रणगाड्याचं कळतं असं नसतं.

आणि आता आपल्याकडची गोष्ट. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत जोरात अरे म्हणाले आणि ग्रंथपाल सरांनी वर पाहिलं. १९४२ मध्ये हेरिंग्टन एसएईचा अध्यक्ष होता. हो, तेच एसएई, ज्याचे टी-शर्ट घालून आपला क्लब कॅन्टीनमध्ये मिरवतो! त्याच वर्षी एप्रिलमध्ये, क्रिप्स यांच्या वाटाघाटी फिसकटत होत्या त्याच सुमारास, अमेरिकेने हेन्री ग्रेडी यांच्या अध्यक्षतेखाली एक तांत्रिक मंडळ भारतात पाठवलं. युद्धासाठी इथल्या कारखान्यांतून काय निघू शकेल, काय वाढवता येईल हे पाहायला. मंडळात मोजकी माणसं होती, त्यातला एक हेरिंग्टन. तेव्हा आपल्याकडे परदेशी मोटारींची जुळणी होत होती, पण पूर्ण मोटार बनत नव्हती. मंडळाने पाहणी केली आणि कारखान्यांची उभारणी नीट करा, यंत्रं द्या, माणसं द्या असा अहवाल दिला. अमेरिकेत जहाजं आणि माल दोन्हींची टंचाई होती, इथे ऑगस्टमध्ये चले जाव सुरू झालं, आणि अहवाल बाजूला पडला. दोनच वर्षांनी वालचंद हिराचंदांनी प्रीमियर काढली, आणि चाळीसचं दशक संपायच्या आत महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यांचा आणि त्या अहवालाचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण हा माणूस आपल्या कारखान्यांतून फिरून गेला होता हे आपल्या क्लबमध्ये एकालाही माहीत नव्हतं. मी सगळ्यांना विचारलं.

युद्धानंतरचं थोडक्यात. सैन्याच्या ऑर्डरी आटल्या तेव्हा कंपनीने ट्रॉलीबस काढल्या, वरच्या तारांवरून वीज घेऊन चालणाऱ्या. दीड हजारावर बनवल्या, अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत त्या वर्षानुवर्षं चालल्या. हेरिंग्टन मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय मंडळाचा अध्यक्षही झाला. फोर्ड ट्रकचं कन्व्हर्जन चालूच होतं. मिनियापोलिसची नॅप्को कंपनी शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपचं तेच काम करत होती, म्हणजे एव्हाना तो एक धंदाच झाला होता. शेतकरी, जंगल खातं, विजेच्या तारा टाकणारे लोक गिऱ्हाईक. आमच्या मामासारखे लोक.

आणि मग १९५९ मध्ये फोर्डने स्वतःच्याच कारखान्यात फोर व्हील पिकअप बनवायला सुरुवात केली. १९६० मध्ये शेव्हरोलेनेही. एका झटक्यात कन्व्हर्जनची गरज संपली. चोवीस वर्षं ज्या कंपनीला करून दाखवलं, तिने ते पाहिलं आणि स्वतः केलं. मला हे वाचून राग आला होता, आता येत नाही. जी वस्तू कारखान्यात बनतानाच नीट बसवता येते ती नंतर पोट फाडून का बसवायची?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, आणि पूर्ण वाहनं बनवणं बंद झालं. पण ॲक्सल आणि ट्रान्सफर केस बंद झाल्या नाहीत. इंडियानापोलिस सोडून कंपनी केंटकीतल्या लुईव्हिलला गेली आणि जड ट्रकच्या पुढच्या चाकांना ताकद देण्याचं काम करत राहिली. हेरिंग्टन १९७० मध्ये वारला, एकोणऐंशी वर्षांचा होऊन.

माझ्या मिनी प्रोजेक्टचं काय झालं ते राहिलं. आमच्या गाइड सरांनी माझे आकडे पाहिले, रागावले नाहीत, फक्त मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ये म्हणाले. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते पक्कं केलं आहे. पासिंग अडकलं असतं, आणि त्या उतारावर काही झालं असतं तर विम्यानेही हात वर केले असते. शिवाय माझं वेल्डिंग. वर्कशॉपमध्ये माझा लॅप जॉइंट कसा निघाला होता ते आमच्या बॅचला माहीत आहे.

हे मामाला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून बस पकडून गेले. ओसरीवर बसून सांगितलं. हेरिंग्टनपासून सुरुवात केली, कारण सरळ मुद्द्यावर यायची लाज वाटत होती. मामाने सगळं ऐकलं. इराकची वाळू, चिखल, फोर्ड, सगळं. मग त्याने एकच विचारलं, की तो माणूस उतारावर ब्रेकचं काय करायचा. मला उत्तर आलं नाही. आठ हजारांबद्दल तो काही बोलला नाही. मी हप्त्याने देईन म्हटलं तर हसला.

या पावसाळ्यासाठी आमचं असं ठरलं आहे: रिकामं वर जाताना मागे वाळूची पोती टाकायची, ॲक्सलच्या नेमक्या वर, किती किलो ते मी काढून दिलंय. मागचे टायर खोल नक्षीचे. आणि शेवटच्या चढापाशी मागच्या चाकांना साखळ्या. गॅरेजवाल्या दादांच्या मते एवढ्यात गाडी दहापैकी आठ वेळा चढेल. उरलेल्या दोन वेळांसाठी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मामाकडे आहेच.

जीपचा ॲक्सल अजून गोठ्यामागे विटांवर आहे. मामी त्याच्यावर घमेलं पालथं घालते. जाताना मी एक ड्रम धरायला मामाला सांगितलं, दुसरा फिरवला आणि पुन्हा मोजलं. पावणेतीनला किंचित कमी, दुप्पट करून ५.४.